स्थिर रुपयाची किंमत

माननीय संपादक महोदय,

रिझर्व्ह बँकेने डॉलर विकून रुपया एका पातळीवर रोखून धरावा, अशी मागणी आपल्या अग्रलेखात वाचली. इंदूरच्या सोयाबीन धंद्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे ही मागणी मला पटत नाही.

डॉलर महागला की डीओसी (तेल काढून उरलेली सोयापेंड) निर्यात करणारा खूश होतो आणि आयातीचे कच्चे खाद्यतेल घेणाऱ्याचे धाबे दणाणते. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते, म्हणजे शेवटी फोडणी महागते. हे सगळे मान्य. पण आयातदार बुडतो तो भाव अचानक हलल्याने. तो हलणारच नाही असे धरून चाललेला माणूस तर आधी बुडतो.

२०२३ आठवा. रुपया जवळजवळ वर्षभर ८२-८३ च्या आसपास बसून होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपली विनिमय व्यवस्था चक्क 'स्थिरीकृत', म्हणजे दर जवळपास एका जागी रोखलेल्या, गटात टाकली. रिझर्व्ह बँकेने ते नाकारले, पण बाजाराने काढायचा तो अर्थ काढला. "रुपया हलतोय कुठे? मग फॉरवर्ड कव्हरचा खर्च कशाला?" हे इथल्या पेढ्यांवर सर्रास ऐकू यायचे. (फॉरवर्ड कव्हर म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा दर बँकेशी आजच ठरवून ठेवणे.) फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८७ च्या पुढे गेला, तेव्हा कव्हर न घेतलेले सौदे ज्याचे त्याच्या गळ्यात आले.

थायलंडमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर झाले. तिथले चलन बाहत वर्षानुवर्षे डॉलरला २५ च्या आसपास बांधलेला. तिथल्या कंपन्यांनी आणि वित्तसंस्थांनी कमी व्याजाचे डॉलर उचलून इमारती उठवल्या. विनिमयाची जोखीम कुणी मोजलीच नाही. तिथली मध्यवर्ती बँक डॉलरची गंगाजळी ओतत राहिली आणि २ जुलै १९९७ ला तिने हात टेकले. सहा-सात महिन्यांत बाहत ५० च्या पलीकडे! आपण त्यातून बरेचसे सुटलो, कारण अल्पमुदतीच्या परकीय कर्जावर लगाम होता. तारापोर समितीने भांडवली खाते खुले करण्याचा, म्हणजे परकीय पैसा मोकळेपणी आत-बाहेर जाऊ देण्याचा, आराखडा त्याच वर्षी दिला होता. घाई झाली नाही हे नशीब.

परकीय पैसा आपल्या गुणावगुणांवरच येतो-जातो असेही नाही. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बर्नांकी रोखेखरेदी (बाजारात डॉलर ओतण्याचा त्यांचा मार्ग) आखडती घेण्याविषयी नुसते बोलले आणि ऑगस्टअखेर रुपया ६८ च्या पुढे घसरला. म्हणून पैसा येत असताना रिझर्व्ह बँकेने डॉलर जरूर साठवावेत आणि पडझडीत धक्का सौम्य करण्यापुरते विकावेत. आकडा राखण्याचे आश्वासन मात्र, उघड किंवा मूक, कुणालाही देऊ नये.

आपणही एक करू शकता. मंडीभावाशेजारी डॉलरचा दर छापता, तिथेच तीन महिन्यांचा फॉरवर्ड दरही छापा. छोट्या तेलव्यापाऱ्याला तो बँकेत विचारायला संकोच वाटतो.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, इंदूर