हात लावण्यापूर्वी विचारणाऱ्या सुभेदार साहेबांस

आदरणीय सुभेदार साहेब,
सादर नमस्कार.

असे जाहीर पत्र आपल्याला आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. शिबिराच्या अखेरीस आपण हार घालू दिला नाहीत, आणि मानधनाचे पाकीट पुढे करताच "याचे मुलांसाठी छर्रे आणा" म्हणून ते परत केलेत. तरीही लिहिते आहे, कारण रायफल नेमबाजी शिकवणारे स्वयंसेवक तयार करण्यासाठी आपण आमच्यासाठी जे केलेत, ते साताऱ्यातल्या पालकांना समजायला हवे. आणि आपण येण्यापूर्वी काय चालले होते, तेही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने नेम मारण्याच्या स्पर्धेचे) कांस्यपदक जिंकले आणि आमच्याकडे मुलांची रीघ लागली. कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, तेव्हापासून या भागातल्या मुलींच्या डोळ्यांतही हे स्वप्न आहेच. लोकवर्गणीतून एअर रायफली आल्या, १० मीटरची जागा झाली, पण शिकवणार कोण? शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, एके काळचे एनसीसी कॅडेट आणि माझ्यासारख्या काही आया, एवढेच आम्ही होतो. आम्हाला घडवण्यासाठी एका संस्थेने प्रशिक्षक पाठवले. त्यांनी शुल्क घेतले, स्वतः उत्तम नेम मारून दाखवला, मुलांवर मनसोक्त ओरडले, प्रमाणपत्रे वाटली आणि ते निघून गेले. मुलींचे खांदे आणि कंबर धरून त्यांना हवे तसे वळवणे हीच त्यांची शिकवण्याची रीत होती. काही मुली येईनाशा झाल्या, तेव्हा "मुलींना चिकाटी नसते" असा निकालही त्यांनी देऊन टाकला. त्या मुलींच्या आयांनी मला जे सांगितले, ते ऐकून झालेला संताप आजही शमलेला नाही.

आपण आलात, तेव्हा त्यांतली एक मुलगी आईच्या आग्रहाखातर परत आली होती. उभ्याने नेम धरताना उजव्या हाताच्या नेमबाजाला डावे कोपर बरगड्यांलगत आणून कमरेच्या हाडावर टेकवावे लागते, म्हणजे रायफलचा भार दंडाच्या स्नायूंवर न येता हाडांवर उतरतो. तिचे कोपर हवेत राहत होते, आणि नळी थरथरत होती. आपण तिच्या बाजूला, तिला दिसाल असे उभे राहिलात आणि विचारलेत, "बाळ, कोपराला हात लावू का?" ती काहीच बोलली नाही. आपण पुन्हा विचारले नाहीत, समजूत घातली नाहीत, नाराजीही दाखवली नाहीत. एक पाऊल मागे सरलात, दुसरी रिकामी रायफल उचललीत आणि स्वतःचे कोपर स्वतःच्या कमरेवर टेकवून दाखवलेत. तिने पाहिले, तसेच केले, आणि नळी स्थिर झाली. "झालं की," एवढेच आपण म्हणालात आणि पुढच्या मुलाकडे गेलात. त्या मुलालाही तोच प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारलात. नंतर आम्हा मोठ्यांच्या उभे राहण्यातले दोष दाखवतानाही आपला हात विचारल्यावाचून पुढे आला नाही.

साहेब, आयुष्यभर हुकूम देण्याची सवय असलेला माणूस एका शाळकरी मुलीचा होकार येईपर्यंत थांबतो आणि तो आला नाही तर वेगळी वाट काढतो, हे मी प्रथमच पाहिले. त्या एका प्रश्नापुढे मला बाकीचे सारे प्रशिक्षण दुय्यम वाटते. खरे तर ते दुय्यम नव्हते. नेमबाजाकडे पाहा, लक्ष्याकडे नको, हे आपण आमच्या अंगी बाणवलेत. १० मीटरच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तो कुठे लागला हे कागद सांगतोच, पण का लागला हे ट्रिगरवरचे बोट, मिटलेली पापणी आणि गोळी सुटताक्षणी उचललेले डोके सांगते. छर्रे एका जागी पण मध्यापासून दूर पडत असतील तर साइट, म्हणजे रायफलवरचे नेम धरायचे साधन, फिरवा, विखुरलेले असतील तर साइटला हात लावू नका, आधी उभे राहणे तपासा, हे मागच्या प्रशिक्षकांनी आम्हाला कधी सांगितलेच नव्हते. डोळे मिटून श्वास सोडायचा, डोळे उघडायचे, आणि नेम बाजूला गेलेला दिसला तर हातांनी न ओढता पावले सरकवायची, हे तर आता आमच्या लहानग्यांनाही जमते.

आणि "थांबा" म्हणण्याचा अधिकार! रेंजवर धोका दिसला तर सर्वांत लहान मुलानेही मोठ्याने थांबा म्हणायचे आणि सर्वांनी, प्रशिक्षकानेसुद्धा, तत्क्षणी थांबायचे. रायफली खाली ठेवून, नळ्यांत भडक रंगाच्या दोऱ्या घातल्याशिवाय कोणी लक्ष्याकडे पाऊल टाकायचे नाही. एका चिमुरड्याने उगाचच थांबा म्हटले, तेव्हा आम्ही त्याला दटावणार होतो. आपण त्याला शाबासकी दिलीत, कारण आज दटावलेले मूल उद्या खरा धोका पाहूनही गप्प बसेल. मुलीला विचारून थांबणे आणि मुलाच्या हाकेला थांबणे, दोन्हींच्या मुळाशी मला एकच सभ्यता दिसते: समोरचा वयाने, अधिकाराने कितीही लहान असो, त्याच्या शब्दाला वजन आहे.

घराघरांतून फौजेत माणसे पाठवणाऱ्या अपशिंग्याचा हा जिल्हा. इथे वर्दीला मान मागावा लागत नाही. पण वर्दी उतरवल्यावरही ती सभ्यता जपणारी माणसे भेटतात, तेव्हा आमच्या मुलांना हा मान कशासाठी द्यायचा ते नीट समजते. नेम शिकवणारा माणूस आधी असा असावा, असे मला मनापासून वाटते, कारण मुलांच्या हाती शस्त्र देताना आपण त्यांच्यावर स्वतःच्या वागण्याचाही ठसा उमटवत असतो.

आता आमच्यातलेच काही जण स्वयंसेवकांच्या नव्या तुकडीला शिकवणार आहेत. वर्गाचा आरंभ आपल्या प्रश्नाने करायचा असे ठरले आहे: प्रत्येकाने दुसऱ्याला विचारायचे, नकार मिळाला तर स्वतःच्या अंगावर करून दाखवायचे, आणि हे जमल्यावरच छर्ऱ्यांचा डबा उघडायचा. आपण एक दिवस येऊन मागच्या खुर्चीवर बसावे आणि आमचे कुठे चुकते ते सांगावे, ही विनंती. ती मुलगीही सरावाला येते. आपण याल तेव्हा तिला आपल्याला तिची नवी गुणपत्रिका दाखवायची आहे.

आपली कृतज्ञ,
एक स्वयंसेवक प्रशिक्षिका, सातारा