गाण्यातले शब्द आम्हाला परत द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली 35 वर्षे ठाण्यात सावरकरनगरच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत नोकरीला लागलेल्या आम्हा लांजा-राजापूरकडच्या माणसांनी 1991 साली हे मंडळ काढलं. जून 2022पर्यंत आम्ही चौदाजण होतो, आज सहा आहोत. मधल्या काळात कुणी वारलं नाही, कुणी कायमचं गावी गेलं नाही. शिवसेना फुटली आणि तिच्यामागून मंडळ फुटलं.

आमचा सराव पक्षाच्या शाखेला लागून असलेल्या खोलीत चालायचा. गुरुवारी रात्री साडेआठला दिवा लागला की समजायचं, बुवा आले. फुटीनंतर शाखा कुणाची यावरून दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर आली आणि त्या भांडणात आमच्या खोलीलाही कुलूप लागलं. आत पखवाज होता, झांजांचे सहा जोड होते. ऐन पावसाचे दिवस. तीन महिन्यांनी कुलूप निघालं तेव्हा पखवाजाची पुडी उतरली होती, वादी सैल पडली होती आणि डाव्या तोंडाला बुरशी धरली होती. आमचा पखवाजवाला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. तो पखवाज मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. ते मी विसरू शकत नाही.

बुवा दुसरीकडे गेले. त्यांचा मुलगा कंत्राटी कामावर आहे, ते काम टिकायला हवं, म्हणून जावं लागतंय, असं त्यांनी मला आमच्या इमारतीच्या जिन्यात उभं राहून सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. मुलाची नोकरी, गल्लीतलं पाणी, मांडवाची परवानगी, भजनाचं साहित्य, सगळं एकाच हातातून येत असेल तर माणूस त्या हाताकडे बघतो. तक्रार आहे ती त्या हाताबद्दल. झांजा द्यायच्या तर द्या, पण त्याच्या बदल्यात गळा मागू नका.

यापेक्षा मला जास्त लागलं ते शब्दांचं. गेल्या वर्षी रामनवमीला एका सोसायटीत आमचं भजन होतं. रामाच्या रूपाचा अभंग घेतला. त्यात धनुष्यबाण येणारच, रामाच्या हातात दुसरं काय असणार? शब्द आला आणि मागच्या रांगेतून शिट्टी वाजली, घोषणा झाली. दुसऱ्या बाजूची दोन माणसं उठून निघून गेली. मी पेटीवरचा हात थांबवला नाही, पण अभंग तिथेच संपला होता. 17 फेब्रुवारी 2023ला निवडणूक आयोगाने ते चिन्ह एका गटाला दिलं, त्याआधी ऑक्टोबर 2022मध्ये दुसऱ्या गटाला मशाल मिळाली. आयोगाने चिन्हं दिली ती मतपत्रिकेवर छापायला. अभंगातला शब्द त्याने कुणाच्या नावावर करून दिलेला नाही.

फेब्रुवारी 2024मध्ये फुटलेल्या राष्ट्रवादीतल्या एका गटाला तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळालं. माझ्या ओळखीचा एक तुतारीवाला आहे, तीन पिढ्यांचा वाजवणारा. लोकसभेच्या त्या उन्हाळ्यात दोन लग्नघरांनी त्याला सांगितलं, सनई-चौघडा पाठव, तुतारी नको, पाहुण्यांत उगाच गैरसमज होतात. लग्नाच्या दारात तुतारी नको! त्याची दोन सुपाऱ्यांची कमाई गेली ती गेलीच, वर त्याच्या वाद्याला पक्ष चिकटला. कमळ तर कधीपासूनचं आहे. संतांनी देवाच्या चरणांना दिलेली उपमा गाताना आज गायकाला आधी समोर कोण बसलंय ते बघावं लागतं.

माझी धाकटी मुलगी कॉलेजात आहे. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी तिच्या गटाने समूहगीत बसवलं होतं, मुलांनी स्वतः लिहिलेलं. त्यात अंधाराच्या वाटेवर मशाल घेऊन निघालेल्या मुलींचं कडवं होतं. महोत्सवाला आठ दिवस राहिले असताना त्यांना सांगण्यात आलं, मशाल काढा, दिवा घाला. मुलांनी दिवा घातला. मात्रा बसेना, म्हणून पणती घातली. मुलगी घरी येऊन मला म्हणाली, ‘‘बाबा, आम्हाला कुणाचा प्रचार नव्हता करायचा हो.’’ सांगणारे शिक्षक वाईट नाहीत. वरून कुणाचा फोन येईल याची त्यांना भीती होती, आणि ही भीती आता कॉलेजांत मुरली आहे.

एरवी त्याच आवारात दहीहंडीचे, गरब्याचे टी-शर्ट नेत्यांच्या फोटोंसह वाटले जातात, तेव्हा कुणाला अडचण वाटत नाही. मात्र मुलांनी आपले प्रतिनिधी मतदानाने निवडावेत ही सोय 1994च्या विद्यापीठ कायद्याने गेली. 2016च्या कायद्याने ती कागदावर परत आली, 2019मध्ये निवडणुका व्हायच्या होत्या, त्या पुढे ढकलल्या गेल्या. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, पदवीधर गटाच्या दहा जागांची निवडणूकही 2023मध्ये ऐनवेळी थांबली आणि 24 सप्टेंबर 2024ला कोर्टकचेऱ्या होऊन पार पडली. म्हणजे मुलांना स्वतःचं राजकारण करायला जागा नाही आणि इतरांचं राजकारण त्यांच्या गाण्याच्या कडव्यापर्यंत आलं आहे. मला हे फार उलटं वाटतं.

गाण्यात राजकारण असू नये, असं माझं म्हणणं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर या शाहिरांनी डफावर जे केलं ते राजकारणच होतं आणि ते उघड लाल बावट्याचे होते. पण त्यांच्या गाण्यात प्रश्न असायचा: मुंबई कुणाची, गिरणीतल्या घामाचं मोल काय. आमच्या कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना सवाल टाकतात, झोंबेल असं बोलतात, आणि उजाडलं की एकाच चुलीवरचा चहा पितात. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यातही तेच. समोरच्या बुवाला गजरात चीतपट करायचं, पण त्याच्या पाया पडूनच बारी सुरू करायची. भांडण कसं करावं हे आम्हाला गाण्याने शिकवलंय. आता गाण्याकडून काही शिकायचं सोडून त्याच्या पाठीमागे फक्त बॅनर लावला जातो.

हे ठाणे शहर आहे. गीतकार पी. सावळाराम इथले नगराध्यक्ष होते. मुलीच्या पाठवणीची त्यांची गाणी कुठल्या पक्षाच्या घरात वाजली नाहीत? पंडित राम मराठे इथले, त्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते. आणि याच शहरात 2022 साली तलावपाळीवरच्या दिवाळी पहाटेच्या परवानगीवरून दोन गटांचा वाद उच्च न्यायालयात गेला.

घरातलं लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. लिहितो. माझे थोरले बंधू एका गटात, त्यांचाच मुलगा दुसऱ्या गटात. गेल्या गणपतीत गावच्या घरी जायला दादा एका पक्षाच्या मोफत बसमध्ये बसले, पुतण्या दुसऱ्या पक्षाच्या. दोन्ही बसवर बॅनर. घर एक, गणपती एक, आणि उतरल्यावर बाप-लेकांनी एकमेकांना ‘आलास का’ म्हणूनसुद्धा विचारलं नाही. रात्री आरतीला मी पेटी काढली. दादा टाळ वाजवतात, पुतण्या ढोलकी. दादांनी टाळ घेतले, पुतण्या ओटीवर मोबाईल बघत बसला. वहिनी देवाच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, आतही येईनात, बाहेरही जाईनात. ढोलकीशिवायची आरती मी त्या घरात पहिल्यांदा ऐकली.

15 जानेवारीला महापालिकेची निवडणूक झाली, 2017नंतर पहिल्यांदाच. नवे नगरसेवक निवडून आले आहेत. त्यांच्याकडे माझं मागणं मोठं नाही. पालिकेची समाजमंदिरं आणि सभागृहं आठवड्यातून एक रात्र भजनी मंडळांना, गाण्या-वाजवण्याच्या मुलांना द्या. एक वही ठेवा, जो आधी नाव लिहील त्याची वेळ. कुणाची चिठ्ठी लागू नये. वाद्यांवर नावं रंगवू नका. आमच्या पेटीच्या खोक्यावरचं नाव खरवडताना लाकडाचा टवका गेलाय, तो रोज माझ्या हाताला लागतो. आणि कॉलेजच्या प्राचार्यांना एवढंच सांगायचंय, मुलांचं कडवं त्यांचं त्यांना ठेवू द्या. फोन आलाच तर तो तुम्ही घ्या.

यंदा 14 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. मी खोपट आगारातून सुटणाऱ्या एसटीच्या पाच तिकिटांचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत: दादा, वहिनी, पुतण्या, मुलगी आणि मी. दादा अजून हो म्हणालेले नाहीत. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, बघतो.’’ ढोलकीची शाई भरून आणायला मी कालच दिली आहे.

आपला,
एक पेटीवादक
सावरकरनगर, ठाणे (प.)