किल्ली मुलींच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त आमच्या भागात किशोरवयीन मुलींसाठी एक दिवसाचे नेतृत्व शिबिर झाले. अशी शिबिरे भरवणाऱ्यांची तळमळ खरी असते, हे मी जाणते. पण त्या दिवशी वस्तीतल्या मुली चार तास मागच्या खुर्च्यांवर बसून राहिल्या, पुढे पाहुणे एकामागून एक बोलले आणि मुलींच्या हाती माईक आला तो फक्त स्वागतगीतापुरता. परतताना आठवीतल्या एकीने मला विचारले, "मॅडम, आत्मविश्वास वाढवा म्हणाले सर. पण कसा वाढवाचा?" तिला मी रस्त्यात धड उत्तर देऊ शकले नाही, म्हणून हे पत्र.

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर गेली चार वर्षे उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत बारा ते अठरा वर्षांच्या मुलींसोबत रोज संध्याकाळी बसते. या मुलींची आई सकाळी सहाला धुणीभांड्याला निघते, बाप बांधकामावर किंवा कळमन्याच्या बाजारात हमालीला. मग नळाचे पाणी भरणे, धाकट्याला शाळेत पोचवणे, कुकर लावणे सगळे पोरीकडे. मे महिन्यात टँकर आला की हंड्या-गुंडांची रांग लावून देणारी आणि नंबरावरून भांडणाऱ्या बायकांना शांत करणारी तेरा वर्षांची मुलगी मी डोळ्यांनी पाहिली आहे. हीच मुलगी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही.

याचे कारण मला फार उशिरा कळले. घरात तिच्याकडून काम घेतात, पण तिला विचारत कोणी नाही. दहावीनंतर पुढे शिकायचे की नाही, घरातला एकुलता मोबाइल कोणाकडे राहणार, मामाच्या गावाहून आलेल्या स्थळाला काय सांगायचे, हे सारे तिच्या माघारी ठरते. पाळी सुरू झाली की मैदान बंद. पानठेल्यासमोरून जायचे तर मान खाली घालून. अंधार पडला की दार लावून घरात. जिला घराबाहेर बसायला हक्काची जागा नाही आणि स्वतःचा म्हणावा असा तासभर वेळ नाही, तिने पुढारपण शिकायचे कुठे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. शिकवणीहून येताना गल्लीत अंधार असतो म्हणून मुली वैतागल्या होत्या. मी अर्ज लिहून देणार होते, पण त्यातली एक म्हणाली, आम्हीच लिहितो. चौघींनी दोन संध्याकाळी गल्ल्या पायी मोजल्या, कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे ते वहीत मांडले, खांबांचे नंबर टिपले. अर्ज तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिला. संबंधित कार्यालयात गेल्या तेव्हा टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "घरच्या मोठ्या माणसाले पाठवा." मुली परत आल्या. मला वाटले, झाले, आता पुन्हा जाणार नाहीत. पण आठवड्याने त्या परत गेल्या. त्यांच्यातली सर्वांत अबोल मुलगी, जिचा आवाज मी वर्षभरात जेमतेम ऐकला असेल, ती टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "सर, अर्ज आम्ही लिहिला, तं पोच बी आम्हालेच पाहिजे." आवक विभागाचा शिक्का बसलेला तो कागद तिने घरी आणला तेव्हा तिचे पाऊल निराळे पडत होते. बंद असलेल्या सातपैकी पाच दिवे महिन्याभराने लागले. उरलेल्या दोनसाठी त्यांनी स्मरणपत्र दिले, तेही मला न विचारता.

आत्मविश्वासाबद्दल मला जे काही कळते ते त्या पोचेपाशी कळले. काम खरे हवे, ते पुन्हा पुन्हा करायला मिळायला हवे आणि चुकले तर कोणी हसणार नाही अशी जागा हवी. एक दिवसाच्या शिबिरात यातले काहीच मावत नाही.

हे आपल्या शहराला नवीन असू नये. नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी पुढे शिक्षिका झाल्या आणि १९२२ साली त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. मुलामुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे त्यांनी त्या सभेला सांगितले. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत बायकांना प्रतिनिधित्व हवे, असा ठराव त्या बायकांनी केला. महाराष्ट्रात पालिका-पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण मिळाले ते २०११ मध्ये, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. आमच्या वस्तीतल्या किती तरी मुलींच्या पणज्या त्या मांडवात बसल्या असतील. ही गोष्ट मी मुलींना सांगते तेव्हा त्या आधी विश्वास ठेवत नाहीत, मग घरी जाऊन आजीला विचारतात.

आता सरकारी बाजू. किशोरवयीन मुलींसाठीची केंद्राची योजना आज १४ ते १८ वयोगटाकरिता ईशान्येकडची राज्ये आणि आकांक्षित जिल्हे (विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेले) यांच्यापुरतीच आहे आणि नागपूर त्या यादीत नाही. राज्याच्या 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरच्या कुटुंबातील मुलीला टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. चांगलीच गोष्ट आहे, पण ती १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी. आज चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुलगी दोन्हींच्या बाहेर राहते. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती असावी, असा शासन निर्णय २०२२ मध्ये निघाला. आमच्याकडे येणाऱ्या मुलींना मी त्याबद्दल विचारले, तर एकीलाही ते नाव ठाऊक नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. पाचांतली एक. माझ्या जुन्या हजेरीपटातली अशी काही नावे मला अजून आठवतात आणि त्या वेळी मी एकदा तरी त्यांच्या घरी जायला हवे होते, ही सल जात नाही.

माझी मागणी छोटी आहे. महापालिकेच्या शाळांना संध्याकाळी कुलूप लागते. समाजभवने लग्न नाही तर बारसे असले तरच उघडतात. प्रत्येक वस्तीतली अशी एक खोली रोज संध्याकाळी पाच ते सात मुलींसाठी राखून ठेवावी. शौचालय उघडे, दिवा चालू, बस. वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या ताईला मानधन देऊन तिथे बसवावे. बाकी सारे मुलींवर सोडावे: हजेरीची वही, पाच-दहा रुपयांची भिशी, भांडणतंटा, कोणत्या महिन्यात कोणी अध्यक्ष व्हायचे ते. महिला व बालकल्याणासाठी पालिकेच्या अर्थसंकल्पात तरतूद असते, तिच्यातून एवढा खर्च सहज निघेल. आणि खोलीची किल्ली मुलींकडे असावी. यावर अनेकांनी मला विचारले, काही झाले तर जबाबदार कोण? अख्खे घर त्यांच्या भरवशावर टाकून आपण कामाला जातो, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही.

सध्या आम्ही समाजभवनाच्या ओट्यावर बसतो. आत लग्न असेल त्या दिवशी तोही मिळत नाही. किल्लीसाठी मुलींनी गेल्या महिन्यात अर्ज केला आहे, त्यावर सतरा जणींच्या सह्या आहेत. बहुतेकींनी आजवर कुठेच सही केली नव्हती, म्हणून आदल्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीने आपली सही घोटून घोटून ठरवली. अर्जाची पोच त्यांच्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
उत्तर नागपूर