आमचा धर्म ‘इतर’ या रकान्यात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात डिसेंबरातले सणवार छापून आले. चंपाषष्ठी, दत्तजयंती, नाताळ, सगळं होतं; आमचा ज्यूंचा दिव्यांचा सण हनुक्का नव्हता. बेळगावात हा सण करणारी घरं किती उरली आहेत हे मला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे ही तक्रार समजू नये. पण आम्ही इथे आहोत, घरात मराठीच बोलतो आणि आपलं वर्तमानपत्र लहानपणापासून वाचत आलो आहोत, म्हणून लिहिते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, असं समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आमची आडनावं तिथल्याच गावांची. ब्रिटिश काळात समाजातली पुष्कळ माणसं पलटणीत, रेल्वेत, टपालखात्यात लागली आणि बदल्यांबरोबर पांगली. माझे आजोबा पलटणीतून निवृत्त झाले ते इथे कॅम्पातच राहिले. मी स्वतः टेलिफोन खात्यात काउंटरवर नोकरी केली. दिवसभर कानडी, घरी मराठी, शुक्रवारी संध्याकाळी हिब्रू प्रार्थना. यात मला कधी ओढाताण जाणवली नाही. ओढाताण होते ती दुसरा कोणी येऊन ‘यातलं तुमचं खरं कोणतं?’ असं विचारतो तेव्हा.

हनुक्का आठ रात्रींचा. ज्यू पंचांगातल्या किसलेव महिन्याच्या 25 तारखेला सुरू होतो. ते पंचांगही चंद्रावर चालतं आणि आपल्यासारखाच त्यात 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. या आठ दिवसांत अमावास्या मात्र हमखास सापडते. 2024 साली पहिली पणती नेमकी 25 डिसेंबरला संध्याकाळी आली होती. यंदा पहिली रात्र शुक्रवार, 4 डिसेंबरची. शुक्रवार असल्यामुळे शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांच्या आधी, सूर्य मावळायच्या आत ही पणती लावावी लागेल, आणि अंधार पडल्यावरही ती जळत राहावी म्हणून तेल जास्त घालावं लागेल.

एरवी सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. बेळगावात ते जमत नाहीत, आणि सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, जायचं तर थेट पुण्याची रास्ता पेठ गाठायची. हनुक्काचं तसं नाही. तो घरातच करायचा, एकट्या बाईनंही करायचा. विखुरलेल्या घरांना म्हणून तो फार जवळचा वाटतो.

माझ्याकडे पितळी दीपदान नाही. खानापूरच्या मातीच्या पणत्या दिवाळीत घेते त्यातल्याच नऊ कोऱ्या बाजूला ठेवते. आठ रात्रींच्या आठ आणि नववी शमाश, जिनं बाकीच्या लावायच्या. ती इतरांपेक्षा उंचावर हवी, म्हणून तिच्याखाली वाटी पालथी घालते. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असं वाढवत जायचं. पणत्या उजवीकडून मांडायच्या, पण लावताना त्या रात्रीची नवी पणती आधी. ऑलिव्हचं तेल उत्तम मानतात. आम्ही कोकणातली माणसं, आमच्या आईनं खोबरेलच वापरलं. डिसेंबरात इथल्या थंडीनं खोबरेल गोठतं. बाटली गरम पाण्यात उभी करून ठेवायची, वात तेलात नीट भिजवून घ्यायची, नाहीतर ती धरत नाही. लावल्यावर निदान अर्धा तास त्या उजेडात वाचायचं नाही, शिवायचं नाही, काही काम करायचं नाही. तळणीचा पदार्थ करायचा असतो. मी तांबड्या भोपळ्याचे घारगे करते.

पणत्या रस्त्यावरून दिसतील अशा खिडकीत किंवा दाराशी ठेवाव्यात, हा या सणाचा मुख्य नियम. जिवाला धोका असेल तेव्हा आत टेबलावर ठेवल्या तरी चालतात, अशी मुभा शास्त्रानंच दिली आहे. आजवर मला ती कधी घ्यावी लागली नाही, हे या गावाविषयी मला आवर्जून सांगायचं आहे. समोरच्या कानडी बाई संध्याकाळी फाटकातूनच विचारतात, “दीपा हच्चीरेनु, अक्का?” (दिवे लावलेत का, ताई?) त्या कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, आणतात तेव्हा आधी विचारतात, आज मटण केलंय का. मांसाच्या जेवणावर आम्ही दुधाचं खात नाही, हे त्यांच्या लक्षात असतं.

आता कथेकडे येते, कारण बेळगावच्या डिसेंबरात ती मला दरवर्षी नव्यानं उलगडते. इसवी सनापूर्वी 167 च्या सुमारास अँटायोकस या ग्रीक राजानं जेरुसलेममध्ये ज्यूंना शब्बाथ पाळायला, मुलांची सुंता करायला बंदी घातली. मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली. यहुदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी लढून इसवी सनापूर्वी 164 मध्ये मंदिर परत घेतलं, शुद्ध केलं. दिव्यापुरतं एका दिवसाचं तेल मिळालं आणि ते आठ दिवस पुरलं, ही पुढची परंपरा. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण या लढ्याची जी जुनी बखर आहे, तिची मूळ हिब्रू प्रत हरवली. आज ती शिल्लक आहे ती ग्रीकमध्ये. ज्यांच्या सक्तीविरुद्ध रक्त सांडलं, त्यांच्याच भाषेनं ती हकिगत सांभाळून ठेवली. भाषा शत्रू नव्हती. सक्ती शत्रू होती.

आमच्याकडे डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, मेळावे होतात, परवानग्या नाकारल्या जातात, पाट्यांवरून वाद पेटतो. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीला गाड्यांवर दगडफेक झाली आणि दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. मराठी पाटीवर काळं फासलं की मला संताप येतो. मराठी शाळा, मराठीतली सरकारी कागदपत्रं हा आपला हक्क आहे आणि त्यासाठी भांडणाऱ्यांबरोबर मी आहे. पण त्या भांडणात कोणी कानडीला शिव्या घालू लागलं की मी तिथून उठते. माझा सण मला हेच शिकवतो.

आणखी एक गोष्ट. कोकणातल्या आमच्या पूर्वजांना हनुक्का माहीतच नव्हता, असं समाजातले जाणते सांगतात. शब्बाथ होता, ‘शेमा’ची प्रार्थना होती, एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा होता; हनुक्का पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे रुजला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांना तेलाचा सण नंतर मिळाला, आणि तरीही तो आज पूर्णपणे आमचा आहे. दारावर मेझुझा, म्हणजे चौकटीवर लावलेली प्रार्थनेच्या ओळींची डबी, आणि उंबऱ्यापुढे रांगोळी पाहून कोणी ‘हे भेसळ झालं’ म्हणतं, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं.

माझी बहीण लग्नानंतर इस्रायलला गेली, दिमोना गावी. तिची नातवंडं आपसात हिब्रू बोलतात. त्यांना मराठी यावी म्हणून ती धडपडते आणि मी इथे नातवाला हिब्रू अक्षरं गिरवायला लावते. तिकडे युद्धाची बातमी आली की इथे ओळखीचे लोक मला जाब विचारल्यासारखं विचारतात. तिथे मरणाऱ्या प्रत्येक माणसाचं, कोणत्याही बाजूच्या, मला दुःख होतं. पण मी बेळगावची नागरिक आहे, त्या सरकारची प्रवक्ती नाही.

या पत्राचं खरं कारण नातवाचा शाळाप्रवेश. अर्जावर धर्म ‘ज्यू’ लिहिला, तर कारकुनानं तो खोडून ‘ख्रिश्चन’ केला. ‘तुमचंही बायबलच ना,’ म्हणाला. मातृभाषेपुढे तो इंग्रजी लिहायला निघाला होता. माणूस वाईट नव्हता, त्याच्या यादीत आमचं नावच नव्हतं. बरीच विनवणी केल्यावर धर्माच्या रकान्यात ‘इतर’ आणि भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ असं ठरलं. केंद्राच्या अल्पसंख्याकांच्या यादीत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन आहेत, ज्यू नाहीत. महाराष्ट्र सरकारनं जून 2016 मध्ये आम्हाला धार्मिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. इकडे कर्नाटकानं मराठीला अल्पसंख्याक भाषा मानलं आहे. म्हणजे मी बेळगावात असते तोवर माझी भाषा अल्पसंख्याक, आणि शिनोळीची हद्द ओलांडली की माझा धर्म अल्पसंख्याक. पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतरात माझी निम्मी ओळख कागदावरून पुसली जाते.

आम्हाला नोकऱ्यांत जागा नकोत, संस्था काढण्याइतकी आमची संख्याही नाही. शाळेच्या, जनगणनेच्या आणि सरकारी अर्जांच्या यादीत ‘ज्यू’ हा शब्द असावा आणि त्याच अर्जावर मातृभाषा मराठी लिहिताना कोणी हटकू नये, एवढंच हवं. सीमाभागातले आपले लोकप्रतिनिधी मराठीच्या हक्कांची निवेदनं देतात, त्यांनी त्यात ही एक ओळ घालावी. मराठी बोलणाऱ्यांची मोजदाद करताना आम्हालाही धरा. आणि संपादकसाहेब, 4 डिसेंबरच्या पंचांगात ‘हनुक्का प्रारंभ, सायंकाळी’ एवढं छापाल तर अंक नातवाला दाखवीन.

आपली एक जुनी वाचक,
टिळकवाडी, बेळगाव