सई, प्रोलांना कोणाच्या नजरेतून वाचतेस?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’वरचा तुझा खर्डा वाचला. ‘प्रोल, म्हणजे कामकरी जनता, हे आशेचं प्रतीक’ असं तू पहिल्याच ओळीत लिहून टाकलंस. पण आशा असेल तर ती प्रोलांमध्येच, असं डायरीत लिहितो तो कादंबरीचा नायक विन्स्टन. पात्राचं मत कादंबरीचं मत धरलं की निबंध तिथेच घसरतो.

पुस्तक पुन्हा उघड आणि दोन रंगांच्या पेन्सिली घे. प्रोल स्वतः जे करतात-बोलतात ते एका रंगात, विन्स्टनला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते दुसऱ्या. पहिल्या भागाचं सातवं प्रकरण आधी काढ. लोकसंख्येच्या ८५ टक्के असलेल्या या लोकांनी मनावर घेतलं तर सत्ताधारी पक्ष कोसळेल, हा झाला दुसरा रंग. थोडं पुढे, शेकडो बायकांचा गलका ऐकून त्याला उठाव झाला असं वाटतं. जवळ जाऊन बघतो तर पत्र्याच्या पातेल्यांवरून भांडण जुंपलेलं. हा पहिला.

आठव्या प्रकरणातली लॉटरी सोडू नकोस. मोठी बक्षिसं प्रत्यक्षात कोणालाच मिळत नाहीत, किरकोळ रकमा तेवढ्या वाटल्या जातात. तरी धड लिहिता-वाचता न येणारी माणसं तिच्यासाठी किचकट आकडेमोड करतात. प्रोल अडाणी म्हणून गप्प, हे तुझं विधान इथे टिकत नाही. बुद्धी आहे, ती जिरवायची जागा पक्षाने आखून दिली आहे.

धुणं वाळत घालणारी बाई सावकाश वाच. ती दुसऱ्या भागाच्या चौथ्या आणि दहाव्या प्रकरणात येते. लालसर दणकट हात, तोंडात चिमटे, दोरीवर तान्ह्या बाळाचे लंगोट. गाणं पक्षाच्या यंत्राने जुळवलेलं, भिकार, पण तिच्या गळ्यात गोड होतं. दहाव्यात विन्स्टनला ती सुंदर दिसते, तिच्या पोटातून उद्याची माणसं येतील असं वाटतं. ती मात्र दोन्ही वेळा धुणंच वाळत घालत असते! मोठं होत जातं ते त्याच्या मनातलं प्रतीक. त्याच प्रकरणात धाड पडते, गाणं अर्ध्यात तुटतं आणि अंगणातून वेदनेची किंकाळी ऐकू येते. हे तुझ्या खर्ड्यात नाही, ते घाल.

निबंधाचा कणा मात्र वेगळीच बाई व्हावी, असं मला ठामपणे वाटतं: पहिल्याच प्रकरणातली, चित्रपटगृहातली. निर्वासितांच्या बोटीवर बाँब पडतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि प्रोलांच्या जागांमधून एकटी बाई ओरडते, पोरांसमोर हे दाखवायला नको होतं. पोलीस तिला बाहेर काढतात. विन्स्टन तेव्हा तिला मोजतही नाही. प्रोल काय बोलतात त्याची फिकीर कोणाला, असं लिहून मोकळा होतो. प्रोल माणूस राहिले, हे त्याला थेट दुसऱ्या भागाच्या सातव्या प्रकरणात उमगतं. या दोन जागा जोडून सुरुवात कर.

तिसऱ्या भागात ओब्रायन म्हणतो, दहा लाख वर्षांतही प्रोल उठणार नाहीत. तो सत्तेतला माणूस आहे, तेव्हा तेही कादंबरीचं मत समजू नकोस. त्याला तिसरी पेन्सिल लाव.

तुझे बाबा