परराष्ट्रमंत्री साहेब, बायका दाराबाहेर का?

मा. परराष्ट्रमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

2007 मध्ये आपल्या सीआरपीएफच्या शंभरावर महिला पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाला गेल्या, युनोच्या मिशनमधलं पहिलंच पूर्ण महिलांचं पोलीस युनिट, आणि तुकड्या बदलत 2016 पर्यंत तिथे राहिल्या. त्याचा मलाही खूप अभिमान आहे. पण त्या पोचायच्या आधी तिथल्या बायकांनी काय केलं हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितेय.

2003 चा एप्रिल, लायबेरियात यादवी युद्ध चाललेलं. लहान पोरांच्या हातात बंदुका, घरं जळालेली, आणि राजधानी मोनरोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानात बायका पांढरे टी-शर्ट घालून डोक्याला पांढरं फडकं बांधून बसायला लागल्या, ख्रिश्चन आणि मुस्लिम एकत्र, उन्हात पण आणि पावसात पण, का तर राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. पुढे होत्या लेमा ग्बोवी. जूनमध्ये घानात अक्राला सरकार आणि बंडखोरांची शांतता बोलणी सुरू झाली, तिथे हॉटेलात पुरुष कुठलं पद कुणाला यावर भांडतायत आणि इकडे मोनरोव्हियावर तोफगोळे पडतायत! मग जुलैत या बायका हॉलच्या दाराशीच हात गुंफून बसल्या, कुणाला बाहेरच पडू देईनात. सिक्युरिटीवाले अटक करायला आले तर ग्बोवी स्वतःचे कपडे काढायला लागल्या. आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे तिकडे शाप समजतात. सगळे मागे सरले. 11 ऑगस्टला टेलर पायउतार, 18 ला करार.

फक्त बायकांमुळे झालं असं मी म्हणत नाही, बंडखोर राजधानीत घुसले होते, टेलरवर युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवले होते, बाहेरचा दबावही होता. पण ते दार माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांची पोरं गेली त्या दाराबाहेर फरशीवर आणि ज्यांनी मारली ते आत खुर्चीत.

सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून युद्ध पेटलंय. 2019 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्ष बशीरची सत्ता उलथवायला जे लोक रस्त्यावर होते त्यात बायका किती होत्या हे जगाने पाहिलंय. आणि बायकांना शांतता बोलणीत घ्या हे युनोच्या 1325 नंबरच्या ठरावात 2000 सालीच लिहिलंय. म्हणून साहेब, आफ्रिकेबद्दल भारत पुढच्या वेळी युनोत बोलेल तेव्हा नुसतं शांतता हवी असं म्हणू नका, सुदानच्या बोलणीत तिथल्या बायकांना मताच्या अधिकारासकट खुर्ची मिळाली पाहिजे असं नाव घेऊन म्हणा. आपण तिकडे आपल्या मुली पाठवल्यात, आपलं म्हणणं ऐकलं जाईल.

उत्तराची खरंच वाट बघतेय.

आपली,
सांगलीची एक शिक्षिका