छोटीला पत्र: पोर्टफोलिओत काय ठेवायचं

लंडन

चि. छोटीस अनेक आशीर्वाद,

तू ऑनलाइन पोर्टफोलिओ काढते आहेस आणि त्यात सगळ्या कोर्सची सर्टिफिकेटं लावणार आहेस, असं वहिनींनी कळवलं. सर्टिफिकेटं खाली एका ओळीत राहू देत. वर एकच गोष्ट ठेव: एका कंपनीचं तू स्वतः बांधलेलं आर्थिक मॉडेल, म्हणजे तिचे हिशेब सूत्रांनी जोडलेली एक्सेल फाइल, जी कुणालाही उघडून तपासता येईल. तुला आकडे जुळवता येतात का, हे नोकरी देणाऱ्याला त्यातूनच कळतं.

कंपनी जळगावचीच घे, जैन इरिगेशन. ती शेअर बाजारात नोंदलेली आहे, त्यामुळे वार्षिक अहवाल बीएसईच्या साइटवर फुकट मिळतात. शिवाय ठिबक कसं विकलं जातं, अनुदान कसं रखडतं, हे आपल्याकडे प्रत्येक केळीवाल्याला ठाऊक आहे. अनुदान उशिरा आलं की विक्री होऊनही पैसा अडकतो आणि ताळेबंदात येणं (गिऱ्हाइकांकडून यायची बाकी) वाढतं. म्हणून येणं भागिले विक्री गुणिले 365, असे वसुलीचे दिवस पाच वर्षांचे काढ. अशा धंद्यात नफ्यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

आकडे तयार साइटवरून उचलू नकोस, अहवालातून स्वतः भर. स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) यांची सरमिसळ हमखास होते. या कंपनीत आणखी एक खाचखळगा आहे. मार्च 2023 मध्ये तिचा परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या दुसऱ्या सिंचन कंपनीत विलीन झाला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे कन्सॉलिडेटेड आकडे सरळ शेजारी ठेवून वाढ काढलीस तर उत्तर चुकेल. ही गोष्ट टिपेत लिही. अहवाल नीट वाचलास, हे त्या एका टिपेवरून समजतं.

एक्सेलमध्ये चार शीट पुरेत: गृहीतकं, नफा-तोटा, ताळेबंद, कॅश फ्लो. हाताने भरलेला आकडा निळा, सूत्र काळं, दुसऱ्या शीटवरून आलेलं हिरवं. हा रिवाज सगळीकडे ओळखतात. पहिल्या शीटवर एकक लिही, आणि 1 कोटी म्हणजे 10 मिलियन हेही, कारण इकडचा वाचणारा कोटीपाशी अडतो. ताळेबंदाखाली दर वर्षी मालमत्ता वजा देणी वजा भांडवल अशी ओळ हवी, आणि ती शून्यच यायला हवी. नाही आली तर फरकाचा आकडा कुठेतरी कोंबून जुळवू नकोस, तपासणारा तेच आधी शोधतो. फरकाचं निम्मं कर. तो आकडा कॅश फ्लोमध्ये सापडला, तर बहुधा तिथे अधिकच्या जागी उणे पडलंय. व्याज सरासरी कर्जावर काढलंस की एक्सेल गोल फिरतं आणि सर्क्युलर रेफरन्सची (सूत्र फिरून स्वतःवरच अवलंबून असल्याची) सूचना देतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या कर्जावर काढ.

मॉडेलसोबत दोन पानांची पीडीएफ टीप जोड. त्यात शेअर घ्या किंवा विका, असं मात्र लिहू नकोस. तशी शिफारस करायला सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) 2014 च्या रिसर्च ॲनालिस्ट नियमांखाली नोंदणी लागते. कंपनीची किंमत कशावर हलते ते दाखव: वसुलीचे दिवस 30 ने वाढले तर किती रोकड अडकेल, व्याज एक टक्क्याने चढलं तर किती फरक पडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आर्टिकलशिपमध्ये (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत) हाताखालून गेलेला एकही कागद त्यात नको, नाव खोडूनसुद्धा नको. जळगावात डाळमिलची उलाढाल आणि गावाचं नाव दिलं की मालक कोण ते बाजारात कुणीही सांगेल. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं हे 1949 च्या सीए कायद्यात गैरवर्तन आहे, आणि तुझ्या सरांचा विश्वास जाईल तो वेगळाच. नावापुढेही ‘सीए’ लावू नकोस. ‘सीए इंटर उत्तीर्ण’ एवढंच.

साइट गिटहब पेजेसवर फुकट होते. रिपॉझिटरीचं (तिथल्या तुझ्या फाइलींच्या फोल्डरचं) नाव तुझं युजरनेम, पुढे .गिटहब.आयओ असं ठेव (इंग्रजी अक्षरांत), आणि पहिल्या पानाची फाइल इंडेक्स.एचटीएमएल या नावाने. फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर बदललं तरी लिंक तुटते. तिथून पुसलेली फाइल जुन्या इतिहासात शिल्लक राहते, म्हणून पॅन, जन्मतारीख, मार्कशीट मुळातच चढवू नकोस. एक्सेल चढवण्याआधी ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालव, नाहीतर फाइल बनवणाऱ्याचं नाव वगैरे माहिती फाइलसोबत जाते. मॉडेल गूगल ड्राइव्हवर ठेवलंस तर ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय निवड, आणि लॉगआउट करून मोबाइलवर उघडून बघ. परवानगी मागणारी लिंक आली की वाचणारा पुढच्या अर्जाकडे वळतो.

चढवायच्या आधी फाइल मला ईमेल कर, कॅश फ्लो मी ओळीने तपासून देते.

आई-अण्णांना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या